पांढरी पाचच्या जरा वर : मांडवातल्या हमिंगचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं दुरुस्तीचं दुकान आहे. कीबोर्ड, ऑक्टोपॅड, इलेक्ट्रॉनिक तंबोरे, ॲम्प्लिफायर, मिक्सर असं सगळं येतं. श्रावण लागला की टेबलावर जागा उरत नाही, कारण वर्षभर कपाटात पडलेली वाद्यं गणपतीच्या तोंडावर बाहेर निघतात आणि त्यातली निम्मी चालू होत नाहीत.

हे प्रकरण गेल्या गणेशोत्सवातलं. गाव, मंडळ आणि माणसं यांची ओळख पटू नये एवढी काळजी घेतली आहे. बाकी घडलं तसं लिहितो.

मंडळ छोटं. पाचव्या दिवशी संध्याकाळी भावगीत-भक्तिगीतांचा कार्यक्रम. एक गायिका, पेटी, तबला, ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड. कीबोर्डवाला मुलगा कॉलेजात शिकणारा, हाताला गोडवा असलेला. वाद्यवृंदात बासरी-सतार नसल्यामुळे काही गाण्यांचे ट्रॅक तो लॅपटॉपवरून वाजवायचा. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर कीबोर्डच्या ऑक्स इनमध्ये (बाहेरचा आवाज आत घेणारं भोक), आणि कीबोर्डच्या आउटपुटमधून एक लांब वायर मिक्सरला. मिक्सरवरचा एक चॅनेल वाचतो म्हणून ही जोडणी. ही गोष्ट मला फार उशिरा कळली. सगळं प्रकरण त्या उशिरात आहे.

आवाजाची यंत्रणा म्हणजे एक पॉवर्ड मिक्सर (ॲम्प्लिफायर पोटातच असलेला) आणि दोन साधे स्पीकर. मिक्सर मांडवाच्या मागच्या टोकाला, महावितरणच्या तात्पुरत्या मीटरशेजारच्या सॉकेटवर. स्टेजवरचा सगळा पुरवठा मात्र डेकोरेशनवाल्या अण्णांच्या लांब एक्स्टेन्शन बोर्डवरून. त्याच बोर्डवर आठ एलईडी पार लाइट, म्हणजे स्टेजवर रंगीत झोत टाकणारे दिवे.

तक्रार

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा कीबोर्ड घेऊन दुकानात आला.

"दादा, हमिंग मारतोय. वायर लावली की घूंऽऽ, काढली की बंद."

"वायर बदलून बघितलीस?"

"तीन बदलल्या. मिक्सरचा चॅनेल पण बदलला. कीबोर्डच गेलाय."

तर्क ऐकायला बरोबर वाटतो. तीन वायरी बदलल्या, चॅनेल बदलला, उरला कीबोर्ड. मीही तेच मानलं.

दुकानातली पहिली फेरी

टेबलावर कीबोर्ड माझ्या ॲम्प्लिफायरला जोडला. शांत. ॲडॅप्टर हलवला, आउटपुटची पिन डावी-उजवीकडे दाबली, तेव्हा एकदा खर्रर्र झालं. खोलून बघितलं तर आउटपुट जॅकच्या एका पायाभोवती सोल्डरला बारीक गोल भेग. घरगुती कीबोर्डमध्ये हे नेहमीचं आहे. जॅक थेट बोर्डवर सोल्डर केलेला असतो, वायरीला हिसका बसला की सगळा ताण त्या चार-पाच थेंबांवर येतो. मी जॅक बदलला, ॲडॅप्टर तपासला (१२ व्होल्ट, मधली पिन पॉझिटिव्ह, कीबोर्डवर छापल्याप्रमाणे), अर्धा तास वाजवून पाहिला आणि पैसे घेऊन परत दिला.

आता मागे वळून बघताना या ठिकाणी मला थांबावंसं वाटतं. तुटक्या सोल्डरचा आवाज खरखर असतो, येतो-जातो, वायर हलवली की बदलतो. मुलानं सांगितलेला आवाज एकसंध होता. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत हे मला कळत होतं. पण दोष हाताला लागला होता, बाहेर चार गिऱ्हाइकं उभी होती, आणि सापडलेला दोष हाच सांगितलेला दोष आहे असं मी स्वतःला पटवून घेतलं. माझ्या टेबलावर हमिंग एकदाही आलं नव्हतं. जे आलंच नाही ते मी दुरुस्त केलं कसं, हा प्रश्न मी विचारला नाही.

तक्रार वाढते

तिसऱ्या दिवशी तालमीत पुन्हा घूंऽऽ. मंडळातल्या एका हुशार पोरानं मिक्सरच्या प्लगला बाजारात मिळतो तो तीन पिनचा दोन पिन करणारा तुकडा लावला. हमिंग जवळजवळ बंद. टाळ्या पडल्या म्हणे.

दहा मिनिटांनी गायिकाताईंनी माइक ओठांजवळ नेला आणि दचकून मागे घेतला. ओठाला झिणझिण्या आल्या. त्या अनवाणी होत्या. गणपतीपुढच्या स्टेजवर चपला घालून कोण बसतं? वरून पावसाची सर येऊन गेलेली, सतरंजी दमट. कोणीतरी माइकला रुमाल गुंडाळून दिला. ताईंनी गायला नकार दिला, आणि ते फार बरं झालं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी अध्यक्षांचा फोन आला. "तुम्ही कीबोर्ड दुरुस्त केला ना? मग या की बघायला."

मांडवात

पिशवीत मल्टिमीटर, दोन वायरी, टॉर्च, टेस्टर आणि ६००-६०० ओहमचे दोन छोटे ऑडिओ ट्रान्स्फॉर्मर टाकून गेलो. पहिल्यांदा दोन पिनचा तुकडा काढायला लावला आणि मिक्सर पुन्हा तीन पिनवर घेतला. हमिंग जसंच्या तसं परत आलं.

पेटीवाले काका माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "कुठल्या पट्टीत बोलतंय सांगू?" त्यांनी खर्जात पांढरी पाच दाबली, सोडली, काळी चार दाबली, सोडली. "दोन्हीच्या मधी. पांढरी पाचच्या जरा वर. आणि कान दिलात तर पंचमपण ऐकू येतोय."

मीटर लावायच्या आधी निम्मं निदान इथे झालं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. छोट्या स्पीकरमधून ५० फारसं ऐकू येत नाही, ऐकू येतो तो त्याचा वरचा सा, म्हणजे १००. पेटीवर त्या सप्तकातली पांढरी पाच ९८ हर्ट्झ आणि काळी चार साधारण १०४. शंभर बरोबर त्यांच्या मधे, पांढरी पाचकडे झुकलेला. आणि १५० हर्ट्झ हा शंभराचा पंचम. म्हणजे विजेचं हमिंग हा षड्ज-पंचम लावलेला फुकटचा तंबोराच आहे, फक्त कोणत्याच पट्टीत न बसणारा. ताई काळी चारमध्ये गाणाऱ्या. त्यांच्या षड्जाच्या अर्ध्या स्वराहून थोडं कमी खाली हा दुसरा षड्ज सतत बोलत होता. त्यांचं डोकं का दुखत होतं ते कळलं.

म्हणजे आवाज विजेतून येतोय हे नक्की. तुटक्या सोल्डरचा आवाज असता तर तो असा पट्टी धरून बसला नसता. आता तो कुठून शिरतोय ते शोधायचं.

मग अर्धं-अर्धं करत गेलो. मिक्सरवर कीबोर्डचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकती पट्टी) खाली, हमिंग गेलं. म्हणजे पुढचं सगळं, मिक्सर आणि स्पीकर, निर्दोष. फेडर वर, आणि कीबोर्डची आउटपुट वायर कीबोर्डच्या टोकाला काढली. गेलं. इथपर्यंत मुलगा आधीच पोचला होता. मी त्याला ॲडॅप्टर काढून कीबोर्ड सेलवर चालवायला सांगितलं. सेल मागवले, टाकले, चालू केला. हमिंग तसंच. म्हणजे ॲडॅप्टरही सुटला. हा कीबोर्ड विजेच्या तारेला कुठेच जोडलेला नाही आणि तरी ५० हर्ट्झ गातोय.

तेव्हा कुठे मी कीबोर्डच्या मागे वाकून बघितलं. दुसरी एक काळी वायर.

"ही कशाची?"

"लॅपटॉपची. ट्रॅकची."

"दुकानात आणला होतास लॅपटॉप?"

"तुम्ही कीबोर्ड आण म्हणालात."

खरं होतं. मी म्हटलं, "काढ ती."

मुलानं उजव्या हातानं ती पिन उपटली. डावा हात माइकच्या स्टँडवर होता. हमिंग त्याच क्षणी बंद झालं, आणि त्याच क्षणी त्यानं दोन्ही हात झटकले. "आयला, बसला!"

त्या एका सेकंदात सगळं दिसलं. वायरीच्या बाहेरच्या जाळीतून काहीतरी वाहत होतं. जाळी तोडली तेव्हा त्या जागी पोराचे दोन हात आले आणि ते काहीतरी त्याच्यातून वाहिलं.

मी स्टेजचा मेन बंद करायला ओरडलो. तो मी वीस मिनिटं आधी, ताईंच्या झिणझिण्यांची गोष्ट ऐकली तेव्हाच बंद करायला हवा होता. मिक्सर तीन पिनवर परत आणला म्हणजे धोका संपला असं मी गृहीत धरलं होतं.

मोजमाप

सगळे लांब उभे राहिल्यावर मेन पुन्हा चालू केला. मीटर एसी व्होल्टवर. एक टोक लॅपटॉपच्या वायरीच्या पिनला, दुसरं मिक्सरच्या बॉडीला. ९४ व्होल्ट. टेस्टर टेकवला तर मिणमिण पेटला. गावच्या वायरमननं त्याच दोन ठिकाणी टेस्ट लॅम्पचा बल्ब लावला, तर बल्ब पेटला नाही आणि मीटरवरचे व्होल्ट गळून पडले. याचा अर्थ फेज सरळ कुठे टेकलेली नाही. बारीक गळती आहे. टाकीचा दाब दाखवणारा पण थेंब-थेंब गळणारा नळ समजा.

आता एकेक लाइट काढत गेलो. आठही पार काढले की आकडा बदलायचा, जोडलेली वायर लावून ऐकलं तर हमिंगही उतरायचं. मुलाला एकदम आठवलं: "हां दादा, लाइट टाकले की हमिंग वाढायचं." ही गोष्ट त्यानं पहिल्या दिवशी सांगितली नव्हती, आणि मी विचारली नव्हती.

मेन बंद करून एक्स्टेन्शन बोर्डचा प्लग हातात घेतला. स्क्रू काढून झाकण उघडलं. आत लाल-काळ्या पिळाच्या दोनच तारा. तिसरी, जाड पिन अर्थची, म्हणजे जमिनीला जोडणारी; तिचा स्क्रू कोरा, चकचकीत. त्याला आजवर कधी तार लागलेलीच नव्हती. बोर्डवर सहा सॉकेट, प्रत्येकाला तीन भोकं, आतून सगळी अर्थची भोकं एका तारेनं एकमेकांना नीट जोडलेली. आणि ती तार कुठेही न जाणारी.

नेमकं काय चाललं होतं

एलईडी लाइटच्या आणि लॅपटॉप चार्जरच्या पोटातल्या सप्लायमध्ये खरखर अडवण्यासाठी बारीक कपॅसिटर असतात, फेजकडून बॉडीकडे आणि न्यूट्रलकडून बॉडीकडे. त्यातून थोडी गळती होणारच, ती अर्थच्या पिनीतून निघून जावी अशी रचना असते. अर्थ नसेल तर बॉडी दोघांच्या मधे लोंबकळते, २३० च्या निम्म्याच्या आसपास. एका लाइटची गळती मिलिअँपिअरच्या अंशाएवढी. इथे आठ लाइट आणि चार्जर, सगळ्यांची अर्थ पिन बोर्डच्या त्या अनाथ तारेवर एकत्र आलेली.

या लॅपटॉपचा चार्जर तीन पिनचा होता आणि त्याची डीसी बाजूची निगेटिव्ह आतून अर्थ पिनेला जोडलेली. म्हणून आठही लाइटची गळती चार्जरच्या अर्थ पिनेतून लॅपटॉपमध्ये, तिथून हेडफोनच्या वायरीच्या जाळीत, कीबोर्डच्या ग्राउंडमधून लांब वायरीच्या जाळीत आणि शेवटी मिक्सरच्या खऱ्या अर्थला. सगळ्या स्टेजचं अर्थिंग त्या रात्री एका साडेतीन मिलिमीटरच्या पिनेवर टांगलेलं होतं. जाळी हीच सिग्नलचीही परतीची वाट, त्यामुळे तिच्यावर पडलेला मिलिव्होल्टभर दाब मिक्सरला सिग्नल वाटायचा आणि तो इमानदारीत मोठा करून वाजवायचा.

मिक्सरचा अर्थ तोडला तेव्हा हमिंग का गेलं तेही यातून कळतं. गळतीला जायला जागाच उरली नाही, प्रवाह थांबला, आवाज थांबला. पण मग मिक्सर, माइक, सगळं त्या लोंबकळणाऱ्या व्होल्टवर जाऊन बसलं, आणि जमिनीपर्यंतची पुढची वाट ताईंच्या ओठांतून होती.

समोर असलेले पर्याय

रात्रीचे साडेनऊ. कार्यक्रम दुसऱ्या दिवशी सात वाजता. मंडपात बसून आम्ही पाच जणांनी जे पर्याय मांडले ते असे.

दोन पिनचा तुकडा परत लावायचा आणि माइकला स्पंजचं टोपडं घालायचं. हे गंभीरपणे सुचवलं गेलं, आणि सुचवणारा मूर्ख नव्हता. त्याला कार्यक्रम व्हायला हवा होता. पण उद्या एखाद्या पारची फेज आतून बॉडीला टेकली तर गळतीऐवजी सरळ २३० व्होल्ट माइकच्या जाळीवर येणार. यावर मी चर्चा केली नाही. तो तुकडा खिशात घातला.

लॅपटॉप बॅटरीवर चालवायचा. साखळीतला दुवा निघतो, हमिंग जातं, एक पैसा खर्च नाही. अडचण अशी की बॅटरी जेमतेम पाऊण तास टिकायची आणि कार्यक्रम तीन तासांचा.

मिक्सरवर १०० हर्ट्झचा खड्डा पाडायचा, म्हणजे तेवढाच स्वर दाबायचा. करून बघितलं. कीबोर्डच्या चॅनेलवर पाडला तर ट्रॅकमधला ढोलकीचा घुमारा गेला, आणि वरचे ३००-४०० हर्ट्झचे अंश तसेच गुणगुणत राहिले.

माझ्या पिशवीतले ट्रान्स्फॉर्मर लावायचे. ट्रान्स्फॉर्मरमधून सिग्नल चुंबकानं पलीकडे जातो, तारेनं तार जोडली जात नाही, म्हणजे गळतीची वाट तुटते. डीआय बॉक्समधलं (वाद्य मिक्सरला जोडायची छोटी डबी) ग्राउंड लिफ्टचं बटण हेच काम करतं. मला स्वतःला हा पर्याय सगळ्यात मोहक वाटला, कारण तो माझ्या हातातला होता, दहा मिनिटांत झाला असता आणि "साऊंडवाल्यानं हमिंग घालवलं" असं नाव झालं असतं. पण यानं फक्त आवाज गेला असता. लाइटच्या बॉड्या ९०-१०० व्होल्टवर तशाच लोंबकळत राहिल्या असत्या. उलट आता त्यांना मिक्सरकडून मिळणारा चुकून-माकूनचा अर्थही तुटला असता. हमिंग गेल्यावर बोर्ड बदलायला कोण तयार झालं असतं? मीच झालो नसतो कदाचित.

आणि शेवटचा, बोर्ड बदलायचा. त्याला अण्णांची ना होती.

अण्णांशी बोलणं

अण्णा डेकोरेशनच्या धंद्यात पंचवीस वर्षं. "दहा वर्षं हाच बोर्ड गावभर फिरतोय. कुणाला काय झालंय?"

खरं सांगायचं तर त्यांच्या बाजूनं मुद्दा होता. पूर्वी त्या बोर्डवर हॅलोजन आणि पिवळे बल्ब लागायचे. त्यात असले कपॅसिटर नसतात, गळती जवळजवळ शून्य. दोन तारांनी दहा वर्षं काही बिघडलं नाही हे खोटं नव्हतं. लाइट बदलले, बोर्ड तोच राहिला. मी हे असंच त्यांना सांगितलं. "तुमचा बोर्ड वाईट" असं म्हटलं असतं तर बोलणं तिथेच संपलं असतं. वायरमननं मीटर त्यांच्या हातात दिला आणि लाइटच्या स्टँडला टेकवायला सांगितलं. आकडा बघून अण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सकाळी वायर आणतो. कुठली आणू?"

काय केलं

पाचव्या दिवशी सकाळी दीड चौरस मिलिमीटरची तीन कोअर वायर, वीस मीटर. नवा प्लग, नवा बोर्ड. अर्थची तार प्लगमध्ये बाकी दोन तारांपेक्षा थोडी लांब ठेवली. वायर ओढली गेली तर अर्थ सगळ्यात शेवटी सुटावा म्हणून.

त्याआधी मीटरशेजारच्या सॉकेटचा अर्थ तरी खरा आहे का ते वायरमननं पाहिलं. टेस्ट लॅम्प फेज आणि न्यूट्रलमध्ये, मग फेज आणि अर्थमध्ये. दोन्हीकडे उजेड सारखा. हे काम वायरमनचंच, घरी करून बघू नये, आणि लाइनवर आरसीसीबी (गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर या चाचणीत ती उडणारच. इथे ती नव्हती. नुसती एमसीबी होती, आणि एमसीबी तार जळू नये म्हणून असते, माणसाला झटका बसताना ती ढिम्म हलत नाही. मंडळाच्या खर्चानं ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली. खजिनदारांनी कुरकुर केली. ताईंनी एकदा त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

नवा बोर्ड लावून लॅपटॉप चार्जरवर ठेवला, आठही लाइट पेटवले, फेडर वर. हमिंग नव्हतं म्हणायला हरकत नाही. स्पीकरला कान लावला तर अगदी बारीक. मिक्सरही त्याच बोर्डवरून घेतला तेव्हा तेही आणखी उतरलं, कारण दोन वेगळ्या ठिकाणच्या अर्थमधला थोडासा फरकही मिटला.

तेवढंही नको म्हणून हौसेनं ट्रान्स्फॉर्मर मधे टाकला. पूर्ण शांतता. पण मुलानं ट्रॅक लावला आणि तोंड वाकडं केलं. "दादा, ढोलकी पत्र्याची वाटतेय." बरोबर होतं त्याचं. ते स्वस्तातले, फोनच्या कामाचे ट्रान्स्फॉर्मर; खालचे स्वर त्यांना पेलत नाहीत. काढून टाकले. केसभर हमिंग आम्ही ठेवून घेतलं.

निकाल

कार्यक्रम झाला. ताईंनी माइक ओठाला लावायच्या आधी हाताच्या मागच्या बाजूनं एकदा हळूच स्पर्श करून बघितला. पहिली दोन गाणी त्या माइकपासून वीतभर लांबच होत्या. तिसऱ्या गाण्याला जवळ आल्या.

सहाव्या दिवशी जोराचा पाऊस पडला आणि संध्याकाळच्या आरतीत स्टेजवरचा उजेड गेला. आरसीसीबी उडाली होती. निरांजनाच्या उजेडात आरती पुरी झाली, आणि प्रसाद वाटायच्या आत "ते नवं खटलं काढून टाका" अशी मागणी सुरू झाली. अध्यक्षांनी मला फोन केला. हा या प्रकरणातला दुसरा अवघड क्षण, आणि इथे निर्णय माझा नव्हता, त्यांचा होता. सात-आठशे माणसं मांडवात येऊन जाणार, आणि अंधार म्हणजे मंडळाची अब्रू. ते म्हणाले, "काढू का नको, एवढंच सांगा."

मी सांगितलं, आठही लाइटचे प्लग काढा, आरसीसीबी वर करा, आणि एकेक प्लग लावत जा. पाचव्या लाइटला ती पुन्हा उडाली. तो पार उलटा केला तर काचेच्या मागून चमचाभर पाणी सांडलं. बाकी सात लाइटवर उत्सव पार पडला.

जुन्या दोन तारांच्या बोर्डवर हा पाचवा लाइट काही न बोलता पेटलेला राहिला असता. मधली वाट तीच, चार्जर, लॅपटॉप, कीबोर्ड, मिक्सर.

पुन्हा असं प्रकरण आलं तर

मुलाला जॅकचे पैसे मी परत दिले. जॅक तुटायला आलेला होता, तो बदलला हे वाईट नाही. पण तक्रार ती नव्हती.

आता कोणी हमिंगची तक्रार घेऊन आलं तर मी वाद्य ठेवून घ्यायच्या आधी मोबाइलवर सगळ्या मांडणीचा फोटो मागतो, मागच्या बाजूनं काढलेला, वायरींसकट. निम्म्या वेळा उत्तर त्या फोटोतच असतं: कुठेतरी चार्जरवरचा लॅपटॉप किंवा फोन असतो. "वायर काढली की बंद" याचा अर्थ त्या वायरीच्या पलीकडे कुठेतरी कारण आहे, एवढाच. पलीकडचं पहिलं यंत्र दोषी आहे असा नाही. मुलाची तीन वायरी बदलायची मेहनत चुकीची नव्हती, त्याची साखळी एक कडी आधी थांबली होती. माझीही.

चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर बघणं, ही चाचणी दहा सेकंदांची आहे. ती पहिल्याच दिवशी फोनवर सांगता आली असती आणि त्याचा एसटीचा हेलपाटा वाचला असता.

झिणझिण्यांचा शब्द कानावर आला की मी आता मेन बंद करूनच वायरींना हात लावतो आणि लावू देतो. त्या संध्याकाळी मी एका वीस वर्षांच्या पोराला एका हातात माइकचा स्टँड असताना दुसऱ्या हातानं पिन उपटायला सांगितलं. गळती होती म्हणून झटक्यावर भागलं. पाचव्या लाइटमध्ये तेव्हाच पाणी असतं तर, हा विचार मी फार वेळ करत नाही.

ट्रान्स्फॉर्मर न लावण्याचा निर्णय मात्र मी तसाच ठेवेन, क्रमासकट. आधी अर्थ, मग आवाज.

दिवाळीच्या आधी अण्णा टेम्पोतून त्यांचे बाकीचे चार बोर्ड माझ्या दुकानात घेऊन आले. म्हणाले, "बघून ठेव." तिघांना दोनच तारा होत्या. चौथ्याची वायर तीन कोअरची, चांगली जाड. प्लग उघडला तर हिरवी तार आतल्या आत, अगदी सफाईनं, मुळाशी कापून वर टेप गुंडाळलेली.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

अण्णांनी चष्मा लावून बघितलं. "मागं एकदा मारुतीच्या देवळात भजनाला दिला होता," ते म्हणाले. "त्यांचं हमिंग जात नव्हतं."